वाकवलेली पट्टी

बीप बीप बीप. जरा दम खाऊन पुन्हा बीप बीप बीप. पडदा मात्र काळाठिक्कर.

सुवर्णा म्हेत्रेनं बटण दाबून धरलं, संगणक गप्प केला आणि त्या खोक्याकडे असं काही पाहिलं, की तिथं माणूस असता तर न केलेला गुन्हाही कबूल करून मोकळा झाला असता. खोकं पत्र्याचं होतं. त्याला काही वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात ह्याच संगणकाची तक्रार वेगळी होती. तेव्हा तो एकच लांबलचक सूर काढायचा, थांबायचा, पुन्हा तोच सूर. ती भाषा सुवर्णाला येत होती. पडदा उजळण्याआधी संगणकाला बोलायला तोंड नसतं, म्हणून जुन्या काळी बनवणाऱ्यांनी आत एक चिमुकला भोंगा बसवला आणि त्याला ठरावीक खुणा शिकवल्या. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक, कामाला लागा. लांब सूर पुन्हा पुन्हा म्हणजे मेमरी सापडत नाही. इचलकरंजीतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या कान विभागात तिनं तंत्रज्ञ म्हणून उभी नोकरी काढली होती, आणि असल्या खोक्यांशी रोजचा संबंध होता. तिनं रीतीप्रमाणे सगळं केलं. वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला, ब्रशनं धूळ झाडली. मेमरीची पट्टी उपटून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, शेजारच्या खाचेत बसवून पाहिली. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल बदलला. नडत असेल तर नको म्हणून एकेक कार्ड काढून बाजूला ठेवलं. सूर काही बदलेना. म्हणजे पट्टीच गेली होती. दुसरी आणायची, बसवायची, विषय संपला.

पूर्वीचे दिवस असते तर खरंच संपला असता.

आता हा जुनाट संगणक एवढा लाडका का, तर तिच्या नवऱ्याचा कान त्यात होता. रावसाहेब म्हेत्रे यंत्रमागावरचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो माणूस. मागांच्या खडखडाटात हयात गेली आणि दोन्ही कानही गेले. मग उजव्या कानात रोपण झालं. कानाच्या आतल्या शंखात एक बारीक तार सरकवलेली असते, तिच्यावर बावीस ठिपके. कानामागे अडकवलेला प्रोसेसर बाहेरचा आवाज पकडतो, त्याचे जाड-बारीक तुकडे करतो आणि कुठल्या ठिपक्यानं किती वीज द्यायची ते ठरवतो. मज्जातंतू ती वीज आवाज म्हणून मेंदूपर्यंत नेतो. किती वीज, हे माणसागणिक वेगळं. कमी पडली तर ऐकू येत नाही, जास्त झाली तर डोक्यात घण बसतात. ह्या सगळ्या मापांना दवाखान्यात नकाशा म्हणत. रावसाहेबांचा नकाशा सुवर्णानं स्वतः बनवला होता, वर्षानुवर्षं, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघत बघत.

मागच्या महिन्यात तो प्रोसेसर कायमचा बंद पडला. सुवर्णानं जपून ठेवलेला दुसरा काढला, पण तो कोरा होता. नकाशा ह्या संगणकात, आणि तो कोऱ्या प्रोसेसरमध्ये भरणारा प्रोग्रॅमही ह्याच संगणकात; दुसऱ्या कुठल्याही संगणकावर दोन्ही उघडत नसत. रोपण बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. नवीन शस्त्रक्रिया करून नवं रोपण घ्या, असं त्यांचं गोड उत्तर आलं. रावसाहेबांचं हृदय बघता भूल द्यायला एकही डॉक्टर तयार नव्हता. दवाखान्यानं कान विभाग बंद करून सामान मोडीत काढलं तेव्हा सुवर्णानं हे खोकं रीतसर मागून घरी आणलं होतं, ते ह्याच दिवसासाठी.

बोललेलं समजायला रावसाहेबांना अडचण नव्हती. मागाच्या कारखान्यात तसंही कुणी आवाज काढून बोलत नाही. ओठ मोठे हलवायचे, हातानं खूण करायची, पलीकडच्या मागावरचा माणूस बरोबर समजतो. पण स्वतःचाच आवाज कळेना तसं त्यांनी बोलणं सोडून दिलं. महिनाभर घरात एकच माणूस बोलत होतं, ते म्हणजे सुवर्णा. तिला नवऱ्याशी कडाकडा भांडायचं होतं आणि भांडता येत नव्हतं. ह्याचं तिला रडू यायचं, आणि रडू आलं म्हणून राग यायचा.

त्यात रावसाहेबांनी मदत केली. भंगार बाजारात दिवस घालवून त्यांनी त्याच जातीची, त्याच मापाची मेमरीची पट्टी हुडकून आणली, स्वतःच्या हातानं बसवली आणि जुनी पट्टी घरामागच्या मागांच्या कारखान्यात नेली. जॉबर लोकांचा एक अलिखित कायदा असतो. मेलेला पार्ट सरळ ठेवायचा नाही. पकडीनं वाकवायचा, मगच भंगाराच्या डब्यात टाकायचा. नाहीतर दुसऱ्या पाळीचा माणूस चांगला समजून तोच पुन्हा मागाला बसवतो आणि कापडाची वाट लागते. रावसाहेबांनी पट्टी वाकवली, डब्यात टाकली, हात झटकले आणि विजयी मुद्रेनं बटण दाबलं.

बीप बीप बीप.

ही खूण जुन्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. ही ठशाची खूण होती.

एकाच दिवशी एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपा कधीही तंतोतंत सारख्या नसतात. अणूंच्या मापात कुठं ना कुठं इकडचं तिकडं होतंच. त्यामुळं वीज मिळाल्याच्या पहिल्या क्षणी चिपेतला कुठला कप्पा शून्याकडे कलणार आणि कुठला एककडे, हे तिच्या जन्माबरोबर ठरून जातं. हा तिचा ठसा. तो पुसता येत नाही आणि त्याची नक्कलही करता येत नाही. मध्यंतरी रुग्णालयांच्या यंत्रांत बनावट पार्ट निघाले, माणसं दगावली, आणि ठसा-जुळणीचा कायदा आला. प्रत्येक यंत्रानं आपल्या अंगातले ठसे लक्षात ठेवायचे, परका ठसा दिसला की चालायचं नाही. जुन्या यंत्रांनाही नेटवरून हे शिकवण्यात आलं. दवाखान्यातल्या ह्या खोक्यालाही. कायद्याचा हेतू चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट हेतूचा कायदा निदान लांबून ओळखू येतो.

नवा पार्ट बसवायचा तर यंत्र बनवणाऱ्याची संमती लागते. सुवर्णानं ठसा कचेरीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईनं फार अदबीनं समजावलं, की संमती बनवणाऱ्याकडून घ्यायची, हा संगणक बनवणारी कंपनी आता अस्तित्वात नाही, म्हणून संमती मिळणार नाही, आणि संमती नसलेलं यंत्र बेवारस ठरतं, तेव्हा ते जमा करावं लागेल. गुरुवारी दुपारी गाडी येईल. आणखी काही मदत हवी आहे का, असंही तिनं विचारलं. सुवर्णा जे बोलली ते मदत केंद्रानं नोंदवून घेतलं नसावं.

गुरुवारी गाडीच्या आधी लेक आली. ईश्वरी पुण्याला ठसा कचेरीतच मोठ्या हुद्द्यावर होती. जप्तीचे अर्ज तिच्या पडद्यावरून पुढे जात, आणि परवा त्यातल्या एकावर तिला स्वतःच्या घराचा पत्ता दिसला होता.

सुवर्णाला वाटलं पोरगी धावून आली. पोरगी समजूत घालायला आली होती. चहा पुढ्यात निवत राहिला आणि ती सांगत राहिली, की आईनं वाद न घालता खोकं देऊन टाकावं, पप्पांसाठी ओठ वाचून अक्षरं दाखवणारा चष्मा ती आणेल, हल्ली सगळे तेच वापरतात. बनावट पार्टमुळं गेलेल्या माणसांच्या फायली तिनं स्वतः वाचल्या होत्या. एकाला सवलत दिली की दुसरा चोर त्याच दारानं आत येतो, हे ती मनापासून म्हणत होती. शिवाय तिच्याच घरात काही भलतं झालं तर तिला नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. हे तिनं दडवलं नाही.

"मी तुझ्या कचेरीला फोन केला," सुवर्णा म्हणाली, "कारण मला वाटलं तिथं माणसं बसत्यात. चोरून करायचं असतं तर विचारलं असतं का?"

ईश्वरीनं मान फिरवली. रडू यायला लागलं की खिडकीकडं बघत बोलायची तिची लहानपणापासूनची सवय. तशीच खिडकीकडं तोंड करून ती म्हणाली, की आपण मुद्दाम वाईट वागत नाही, आपलाही पप्पांवर जीव आहे.

रावसाहेब दाराशी उभे होते. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं त्यांना कळलं होतं. लेकीचे ओठ दिसेनात, म्हणून ते आत आले, खिडकीपाशी गेले, आणि ती काय म्हणतेय ते बघायला गुडघ्यांवर हात टेकून तिच्या तोंडासमोर वाकले. ती दुसरीकडं वळली. तेही तिकडं सरकले. रागावून नाही, नुसतं ऐकायला.

तिसऱ्यांदा तिला वळता आलं नाही. तिनं बापाकडं सरळ बघितलं आणि आवाज न काढता, कारखान्यातल्यासारखे ओठ मोठे करून सांगितलं, "काही नाही, पप्पा." मग डोळे पुसून आईकडं बघत विचारलं, "जुनी पट्टी कुठाय?"

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं ते असं. जुन्या यंत्रांतल्या मेमरीच्या मोठ्या चिपांचा ठसा नीट वाचता येत नाही. म्हणून जुन्या यंत्रांसाठी एक पळवाट ठेवावी लागली. पट्टीवर एक आठ पायांची तिळाएवढी चिप असते, पट्टीची जात आणि वेग सांगणारी. बोर्ड ठसा बघतो तो फक्त तिचा. हा नियम ईश्वरीनं स्वतः लिहिला होता, त्यामुळं तिला तो कुणाला विचारावा लागला नाही. पट्टी मेली म्हणून ती तिळाएवढी चिप मेलीच असेल असं नाही. ती काढून भंगारातल्या पट्टीवर बसवली, तर बोर्डाला जुनीच पट्टी आल्यासारखं वाटेल.

"म्हणजे मेलेल्याचा अंगठा उठवायचा," सुवर्णा म्हणाली.

"कायद्यात त्याला ठसाबदल म्हणतात. गुन्हा आहे."

"असू दे की. पकड घे तिथली."

पट्टी कुठाय, हे सुवर्णानं नवऱ्याला विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही मुठी समोर धरल्या आणि काडी मोडावी तशा फिरवल्या. सुवर्णानं डोक्याला हात लावला. मग तिघंही मागच्या कारखान्यात गेले आणि भंगाराचा डबा फरशीवर पालथा घातला. तेलकट बोल्ट, तुटकी दातेरी चक्रं, झिजलेले धोट्याचे तुकडे, आणि त्या ढिगात हिरवी पट्टी. बरोबर मधून दुमडलेली. ती तिळाएवढी चिपही मधेच असते. ईश्वरीनं ती भिंगाखाली धरून सगळीकडून फिरवून पाहिली. चीर चिपेच्या अगदी कडेनं गेली होती. दोन पाय उखडले होते, अंगाला तडा नव्हता.

श्रवणयंत्रांच्या तारा जोडायची बारीक सोल्डरिंग गन सुवर्णाकडं होती. पण उखडलेले पाय सरळ करायला तिचा चिमटा जाड पडला. रावसाहेबांनी मान हलवली, कारखान्यात जाऊन मागाच्या फणीतून सूत ओढायचा हूक आणला, आणि इतकी वर्षं एकेक तार फणीत भरलेल्या हातानं ते पाय जागच्या जागी आणले. ईश्वरी भिंग धरून होती. सुवर्णानं डाग दिले. तिघांची डोकी इतकी जवळ होती की कुणीतरी शिंकलं असतं तर सगळा खेळ तिथंच आटोपला असता. काम चाललं असताना सुवर्णाच्या मनात आलं, की हे घर एवढं एकत्र बसल्याला किती दिवस झाले, आणि त्याला गुन्हाच करावा लागला.

पट्टी खाचेत बसवली. पत्रा लावायला कुणाला धीर नव्हता. सुवर्णानं बटण दाबलं.

पंखा फिरला. भोंगा जरा थांबला, आणि मग म्हणाला, बीप.

एकच. आखूड.

पडदा उजळला तसा रावसाहेबांनी दोघींचे चेहरे बघितले आणि आवाज न ऐकताच ओळखलं. सुवर्णानं वेळ घालवला नाही. कोरा प्रोसेसर वायरनं जोडला, म्हेत्रे रावसाहेब नावाचा नकाशा उघडला आणि भरायला लावला. हिरवी रेघ पुढं पुढं सरकत असताना बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

ठसा कचेरीचे बेडगे साहेब तसे सज्जन माणूस होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, बरोबरच्या दोघांना दाराबाहेरच उभं केलं. आत ईश्वरीला बघून मात्र ते चांगलेच गोंधळले. पुण्याच्या मॅडम इथं कशा, असं विचारल्यावर ईश्वरी म्हणाली, हे माझं घर. मग त्यांना चालू असलेला पडदा दिसला. परका पार्ट असलेलं यंत्र चालूच होत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि चालू झालंय म्हणजे काय झालंय, हेही उमगायला वेळ लागला नाही.

हिरवी रेघ पूर्ण झाली.

ईश्वरीनं आईला बाजूला घेतलं. आता नकाशा प्रोसेसरमध्ये उतरला होता. पप्पांच्या कानातून तो कुणी काढून नेणार नव्हतं. खोकं देऊन टाकलं तर भट्टीत जाईल, आतली चिप कुणी बघणार नाही, बेडगे तोंड उघडणार नाहीत. सगळं निस्तरलं होतं. पप्पांना कान मिळाला, तिची नोकरी वाचली.

खरंच सगळं निस्तरलं होतं. सुवर्णानं पडद्याकडं पाहिलं. नवऱ्याच्या नावाच्या खाली आणि वर दुसरी नावं होती. जयसिंगपूरच्या मालगावे बाई, ज्या मुलांना पेटी शिकवतात. हुपरीचे चांदीकाम करणारे दोघे भाऊ. कागलची एक पोर, जी आता स्वतः आई झाली असेल. ह्या सगळ्यांचे प्रोसेसर एक ना एक दिवस असेच बंद पडणार होते, आणि त्यांचे नकाशे जगात एवढ्या एकाच खोक्यात होते. इतके दिवस तिनं फक्त आपल्या घरापुरता विचार केला होता. त्याची तिला आता लाज वाटली.

"न्यायचं नाही हे," ती म्हणाली. "ह्यात माझे पेशंट आहेत. मालगावे बाईंना मी शब्द दिलाय, कधीही अडचण आली तर या म्हणून. त्या आल्या तर मी काय सांगू, आमचं काम झालं म्हणून?"

बेडगे खाकरले. म्हणाले, मॅडम, मी काही बघितलं नाही असं धरून चालतो, यंत्र तेवढं बंद करून द्या, पण त्यात कुणी छेडछाड केली असेल तर मला नाव लिहावं लागेल.

"लिहा," ईश्वरी म्हणाली. ह्या वेळी तिची मान वळली नाही. "ईश्वरी रावसाहेब म्हेत्रे. कलम मीच लिहिलंय, तोंडपाठ आहे. सांगते, उतरवून घ्या. आणि त्याखाली हेही लिहा, की हे कलम चुकीचं आहे. बनवणारा मेला म्हणून यंत्र बेवारस होत नाही. ज्याचा कान त्याच्यावर चालतो, तो जिवंत आहे."

बेडग्यांच्या हातातली लेखणी पाटीवर टेकलीच नाही. सरकारी माणूस अडचणीत सापडला की घरातल्या कर्त्या पुरुषाकडं वळतो, तसे ते रावसाहेबांकडं वळले. तोवर सुवर्णानं प्रोसेसर नवऱ्याच्या कानामागं अडकवला होता आणि त्याची चुंबकाची चकती डोक्याला चिकटवली होती. रावसाहेबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. महिनाभराच्या शांततेनंतर पंख्याची घरघर, रस्त्यावरची गाडी, लेकीचा श्वास, सगळं एकदम आत घुसलं होतं. सुवर्णाला त्या मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ ठाऊक होता. बेडग्यांना नव्हता.

"ह्यांना ऐकू येत नाही ना?" ते सुवर्णाला म्हणाले. "तुम्हीच सांगा त्यांना. यंत्र बंद करून द्यायचंय."

रावसाहेबांनी डोळे उघडले.

"ऐकू आलं," ते म्हणाले. आवाज जरा मोठा लागला, तो त्यांनी स्वतःच खाली आणला. "बंद करा म्हणालासा. न्हाई करनार."

मग त्यांनी खुर्ची ओढली, संगणक आणि बेडगे साहेब ह्यांच्या बरोबर मधे ठेवली, तिच्यावर बसले आणि बायकोकडं हात पुढं केला.

"सुवर्णा, फोन लाव त्या पेटीवाल्या बाईंना. त्यांचा नकाशा हितंच राहनार म्हनून मीच सांगतो."

सुवर्णानं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. ईश्वरी बापाच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. पलीकडं घंटी वाजत होती, आणि ती त्यांना ऐकू येत होती.